समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर?

मुंबई हे सात बेटांचे शहर, असे शाळेच्या पुस्तकात शिकवले जाते. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही नावेही मुलांकडून पाठ करून घेतली जातात. ही बेटे जोडली कशी हेदेखील सांगितले जाते. पण बेटांच्या मधला समुद्र बुजवल्यावर जी जमीन वर आली ती कोणाच्या वाट्याला गेली, हा प्रश्न मात्र परीक्षेत कधी येत नाही. आमच्या मते मुंबईच्या इतिहासातला आणि आजच्या राजकारणातलाही खरा प्रश्न हाच आहे.

चळवळीतले काही मित्र आम्हांला विचारतात, की समुद्रातला भराव, कांदळवने, सीआरझेड हे सगळे पर्यावरणवाल्यांचे विषय. त्यांच्याशी आपला काय संबंध? आम्ही त्यांना उलट विचारतो, की ज्या समाजाकडे पिढ्यान् पिढ्या जमीन नव्हती, त्या समाजाने नवी जमीन तयार होत असताना तिकडे पाठ फिरवून कसे चालेल? गावातली जुनी जमीन वाटली गेली तेव्हा आपण वेशीबाहेर होतो. आता समुद्रातून नवी जमीन काढली जात आहे आणि तिचीही वाटणी आपल्याला न विचारताच चालली आहे.

प्रथम इतिहास पाहू. इंग्रजांच्या काळात अठराव्या शतकात वरळीच्या खाडीला बांध घातला गेला. १८३८ साली कुलाब्याचा आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशाच्या जोरावर बॅकबेचा समुद्र बुजवण्यासाठी कंपनी निघाली. समुद्र अजून जागेवरच होता, पण शेअर मात्र आभाळाला भिडले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला आणि कंपनी बुडाली. १९२० च्या दशकात सरकारने तोच उद्योग स्वतः हाती घेतला. ११४५ एकर जमीन काढण्याचे स्वप्न दाखवले गेले. त्याच्या निम्मीही जमीन तेव्हा हाती लागली नाही. या कारभारातला भ्रष्टाचार वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर हार्वे नावाच्या इंजिनिअरने बदनामीचा खटला भरला आणि १९२८ साली नरिमन त्यातून निर्दोष सुटले. आज त्याच बॅकबेच्या भरावावर जो टोलेजंग इमारतींचा भाग उभा आहे त्याला नरिमन पॉइंट म्हणतात. भरावातल्या लुटीविरुद्ध लढणाऱ्याचे नाव भरावालाच देऊन टाकले. सन्मान झाला आणि प्रश्नही गाडला गेला!

त्याच बॅकबे भरावाच्या पट्ट्यात कुलाब्याला 'आदर्श'ची एकतीस मजली इमारत उभी राहिली. तिला पर्यावरणाची परवानगी नाही म्हणून २९ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाला स्थगिती दिली. झोपडीवर बुलडोझर येतो तेव्हा अशी स्थगिती आणायला किती जणांच्या हातात वकील असतो, हे आम्ही न्यायालयाच्या आवारात रोज पाहतो.

आता दुसरा भराव पाहा. माहीमच्या खाडीकाठी धारावीचा कोळीवाडा होता आणि भोवती दलदल. या दलदलीत कातडी कमावणारे, चर्मकार, ढोर, तामिळनाडूतून आलेले कामगार, कुंभार अशी माणसे येऊन राहिली. शहराने त्यांना चांगली जागा दिली नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी माती, राबिट, कचरा टाकून चिखलाची जमीन केली. म्हणजे भराव त्यांनीही टाकला. पण नरिमन पॉइंटच्या भरावाला 'विकास' म्हणतात आणि धारावीच्या भरावाला 'अतिक्रमण'. आज धारावीची जमीन सोन्याच्या मोलाची झाली तेव्हा पात्र कोण आणि अपात्र कोण याच्या याद्या सुरू झाल्या आणि अपात्र ठरणाऱ्यांना मिठागरांच्या जमिनीवर हलवण्याच्या योजना निघाल्या. ज्यांनी एक दलदल बुजवून राहण्याजोगी केली, त्यांच्याच मुलांना दुसऱ्या सखल जमिनीवर नेऊन बसवायचे, हा कुठला न्याय?

कायदा काय म्हणतो तेही वाचकांनी नीट समजून घ्यावे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्राचा, बंदराचा आणि खाडीचा तळ ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे समुद्राच्या तळाचा सातबारा कोण्या शेटजीच्या नावावर नाही. घटनेचे कलम ३९(ख) राज्याला सांगते, की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण यांची वाटणी सर्वांच्या हिताला पूरक होईल अशी करा. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असा निकाल बहुमताने दिला. तो निकाल मुंबईतल्याच जुन्या इमारतींच्या कायद्यातून निघाला होता. पण समुद्राच्या बाबतीत तो वादच नाही. कारण समुद्र कधीच खाजगी नव्हता. शिवाय १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मान्य केले आहे. नदी, समुद्रकिनारा, वन यांचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, असा त्याचा अर्थ. २००९ साली गोव्यातल्या एका हॉटेलने समुद्रावर जाणारी लोकांची जुनी वाट अडवली तेव्हा न्यायालयाने याच तत्त्वावर ती वाट मोकळी करण्यास सांगितले.

मग विश्वस्त नीट वागतो का? १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली किनारा नियमन अधिसूचना काढली. तिच्यात बंदरे, जेट्टी, पूल अशा ठराविक कामांखेरीज समुद्रात भराव टाकण्यास बंदी होती. पण पुढच्या वीस वर्षांत या अधिसूचनेत वीसहून अधिक वेळा दुरुस्त्या झाल्या. २०११ साली नवी अधिसूचना आली, २०१९ साली आणखी एक आली. खाडीतल्या बेटांचेच उदाहरण घ्या. २०११ च्या अधिसूचनेत केरळच्या बॅकवॉटरमधील बेटांवर भरतीरेषेपासून ५० मीटरचा पट्टा संरक्षित होता. २०१९ च्या अधिसूचनेत अशा बेटांचा हा पट्टा २० मीटरवर आला. बेट लहान असले की तीस मीटर म्हणजे किती जमीन होते, याचा हिशेब ज्याला रिसॉर्ट बांधायचे आहे त्याला बरोबर कळतो.

केरळमधल्या वेम्बनाड सरोवरात नेडियतुरुत्तु नावाचे एक चिमुकले बेट आहे. या बेटावर कापिको कंपनीने ५४ व्हिलांचे आलिशान रिसॉर्ट बांधले. भोवतालच्या पाण्यात खुंटे रोवून, जाळी लावून जगणारे गरीब मच्छीमार होते. त्यांचे खुंटे आणि जाळी गेली. ही माणसे कुठल्या मोठ्या संस्थेची नव्हती. पण त्यांनी कोर्टाची पायरी चढली आणि सोडली नाही. २५ जुलै २०१३ रोजी केरळ उच्च न्यायालयाने रिसॉर्ट पाडण्याचा आदेश दिला. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तरी प्रत्यक्ष पाडकाम सुरू व्हायला सप्टेंबर २०२२ उजाडला. शेवटी रिसॉर्ट पडले. खुंट्यावर जाळी बांधणारा माणूस पंचतारांकित रिसॉर्टला हरवू शकतो, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत सांगितली पाहिजे. आणि त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे, की उच्च न्यायालयाच्या निकालापासून पहिला हातोडा पडेपर्यंत नऊ वर्षे गेली. गरिबाची झोपडी पाडायला नऊ वर्षे लागल्याचे कोणी ऐकले आहे काय?

पण या कायद्याची दुसरी बाजूही आम्ही लपवणार नाही. त्याच केरळात बेटांवर आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या गरीब कुटुंबांना घर वाढवायचे, नवे बांधायचे तर तोच सीआरझेड आडवा येतो. मुलाचे लग्न झाले, एक खोली वाढवली, की घराला नंबर मिळत नाही आणि नंबर नाही म्हणून पुढच्या सवलती नाहीत. मुंबईतल्या कोळीवाड्यांची तीच तक्रार आहे. २०११ च्या अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांसाठी खास तरतूद केली गेली, पण सीमांकनाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. सीमा ठरली नाही की कोळीवाडा कधी 'गावठाण' होतो, कधी 'झोपडपट्टी' होतो. जसा बिल्डरला सोयीचा तसा! म्हणून 'कायदा कडक करा' एवढीच मागणी आम्ही करत नाही. कायदा कोणासाठी कडक आणि कोणासाठी मऊ, हे आम्ही विचारतो.

लक्षद्वीपचे उदाहरणही ताजे आहे. अवघी ३२ चौरस किलोमीटर जमीन, दहा बेटांवर वस्ती आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळपास ९५ टक्के लोक अनुसूचित जमातीचे. २०२१ साली तेथील प्रशासनाने किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या शेड नियमभंगाचे कारण देऊन पाडल्या. ज्यांत जाळी आणि होड्या ठेवायच्या त्याच या शेड. आणि त्याच वर्षी विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा असा मसुदा आणला, की ज्यात कोणतीही जमीन विकासासाठी निवडण्याची मुभा प्रशासनाला मिळावी. मच्छीमाराची शेड किनाऱ्याला धोका आणि पर्यटनाची योजना मात्र किनाऱ्याचे भाग्य! लोकांनी जोरदार विरोध केला म्हणून हा विषय देशभर गाजला.

आता मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याकडे येऊ. आधीच्या कायद्यात रस्त्यासाठी समुद्रात भराव टाकता येत नव्हता. ३० डिसेंबर २०१५ रोजी अधिसूचनेत दुरुस्ती झाली आणि 'अपवादात्मक परिस्थितीत' भरावाचा रस्ता चालेल असे ठरले. ११ मे २०१७ रोजी परवानगी मिळाली. आधी रस्ता ठरला आणि मग कायदा रस्त्याच्या मापाने बेतला गेला. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही परवानगी रद्द केली. १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती देऊन काम चालू ठेवू दिले. सुमारे १११ हेक्टर समुद्र बुजवला गेला आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग खुला झाला. वरळीच्या कोळ्यांनी आपल्या होड्या सुखरूप ये-जा करू शकतील एवढे अंतर पुलाच्या खांबांमध्ये मागितले. त्यांची मागणी २०० मीटरची होती, आराखडा ६० मीटरचा होता. समुद्रात उतरून काम अडवले, आंदोलने केली, तेव्हा कुठे ते १२० मीटर झाले. समुद्राचा प्रवाह, वारा आणि खडक ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक, त्यांना खांब रोवण्याआधी विचारावे असे कोणाला वाटले नाही.

या १११ हेक्टरांवर बागा, मैदाने करायची आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली त्याला मुभा देताना निवासी वा व्यापारी वापर होता कामा नये, अशी अट घातली आहे. ती अट मोलाची आहे. पण आमचा अनुभव सांगतो, की मुंबईत आरक्षण टिकते ते लोक जागे असतील तोवरच. आज बाग, उद्या बागेची निगा खाजगी हातात, परवा तिकीट आणि तेरवा 'सदस्यांसाठी राखीव'. पाटी सार्वजनिकच राहते, माणसे तेवढी बदलतात.

येथेच आम्हांला चवदार तळ्याचा दावा आठवतो. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला सत्याग्रह केला हे प्रत्येक घरात सांगितले जाते. पण त्यानंतर दहा वर्षे कोर्टात काय चालले ते क्वचितच सांगितले जाते. तळे आमच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, अशी दुहेरी बाजू सवर्णांनी मांडली होती. १९३१ साली खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. तळे नगरपालिकेचे ठरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अनादी वहिवाटीचा मुद्दाही मोडीत काढला. या दाव्यात दोन वेगळे प्रश्न होते हे नीट लक्षात घ्या. पाणी कोणाच्या मालकीचे, हा पहिला. आणि सार्वजनिक ठरल्यावर ते कोणाला वापरता येईल, हा दुसरा. तळे नगरपालिकेचे होते तरी अस्पृश्याला त्यातले ओंजळभर पाणी मिळत नव्हते. मालकी सार्वजनिक असणे पुरेसे नाही, वापरही सार्वजनिक असावा लागतो. समुद्राच्या बाबतीत आज आपण पहिल्या प्रश्नावर कागदोपत्री जिंकलेलो आहोत. दुसऱ्या प्रश्नाची लढाई अजून सुरूही झालेली नाही.

आणि गावाकडे काय चालले आहे? २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढा, असा आदेश सर्व राज्यांना दिला. त्या निकालातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारने दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे. महाराष्ट्र सरकारनेही १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण घेतले होते. त्याच्यामागे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाची आणि तुरुंगात गेलेल्या लाखो माणसांची पुण्याई होती. तरीही २०२२ साली उच्च न्यायालयात विषय निघताच नोटिसा सुटल्या त्या गायरानावरच्या झोपडीला आणि चार गुंठे कसणाऱ्याला. अपवादाचे वाक्य वाचायला तहसीलदाराला वेळ नसतो. पण समुद्रकिनारी परवानगीशिवाय बांधणाऱ्यासाठी 'आधी बांधा, मग परवानगी घ्या' अशी सोय होती. ती बेकायदा असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी दिला आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो परतही घेतला. गायरानधारकाला मागाहून परवानगी मिळाल्याचे आम्ही फारसे पाहिलेले नाही.

कोणी म्हणेल, मग रस्ते नकोत काय? बंदरे नकोत काय? आम्ही विकासाचे विरोधक नाही. बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या आणि देशाच्या पाणी-वीज धोरणाच्या पायाभरणीत भाग घेतला होता. मोठ्या कामांना ते घाबरणारे नव्हते. पण 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या १९४७ च्या निवेदनात त्यांनी जमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न पाहता ती कसणाऱ्यांच्या हाती द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असा भेदच उरू नये, अशी मांडणी केली. समुद्रातून निघणारी जमीन ही तर जन्मतःच राज्याच्या मालकीची. तिच्यावर ना खोत, ना वतनदार. बाबासाहेबांची मांडणी अमलात आणायला याहून सोपी जमीन कोणती? तरी तिच्यावर पहिला हक्क पैसेवाल्याचा कसा होतो? पालघर जिल्ह्यात वाढवण बंदरासाठी १४४८ हेक्टर भराव व्हायचा आहे, म्हणजे मुंबईच्या किनारा रस्त्याच्या तेरा पट. एवढी नवी जमीन कोणाला, कशासाठी आणि किती वर्षांच्या पट्ट्याने मिळणार, हे प्रश्न माती पडण्याआधी विचारायचे असतात.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, भरावाला परवानगी देण्याआधी त्या पाण्यावर कोण जगते याची नोंद झाली पाहिजे. त्यात होडीचा मालक येतो, तसाच होडीवरचा खलाशी आणि ओहोटीला खडकावर कालवे-तिसऱ्या वेचणारी बाईही आली पाहिजे. दोन, भरावाची जमीन खाजगी व्यक्ती वा कंपनीला विकता वा दीर्घ पट्ट्याने देता येणार नाही, असा विधिमंडळाचा कायदा हवा. नुसती न्यायालयाची अट आणि पालिकेचे प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. तीन, प्रकल्प आधी आणि सीमांकन मागाहून हे बंद करून कोळीवाडे, गावठाणे आणि खाडीकाठच्या वस्त्यांची हद्द आधी निश्चित करा. चार, गायरानावरच्या झोपडीला जी मुदत, तीच मुदत समुद्रावरच्या बंगल्याला.

या मागण्या आपोआप मंजूर होणार नाहीत. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे तयार होतात, त्यांवर हरकती मागवल्या जातात, जनसुनावण्या होतात. या सुनावण्यांना बिल्डरचा माणूस वेळेवर हजर असतो आणि आपला कार्यकर्ता कुठे असतो? आम्ही किनारी जिल्ह्यांतील तरुण वकिलांना आणि कार्यकर्त्यांना विनंती करतो, की आपल्या गावाचा किनारा नकाशा माहितीच्या अधिकारात मागवा. भरतीरेषा कुठे दाखवली आहे ती स्वतः किनाऱ्यावर उभे राहून पाहा. कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसांना सोबत घ्या. समुद्र त्यांना नकाशापेक्षा अधिक ठाऊक आहे. हरकत लेखी द्या, पोच घ्या, ती जपून ठेवा. वेम्बनाडच्या मच्छीमारांनी एवढेच केले होते. जमीन वाटून झाल्यावर मोर्चा काढण्याची वेळ आपल्यावर यापूर्वी खूपदा आली. या खेपेला वाटणीच्या आधी आपण तेथे हजर असलो पाहिजे.